पाण्यात दिलेला कागद

१२ जून १९५५

काल नागपूरहून आलो. एलएल.बी.चं पहिलं वर्ष संपलं, पेपर बरे गेले.

ही डायरी मराठीत लिहायची असं गाडीतच ठरवलं. आधीच्या सगळ्या इंग्रजीत आहेत. शाळेत मराठी बोललं की फादर बाकावर उभं करायचे, त्यामुळे माझं मराठी म्हणजे आईशी बोलतो तेवढंच. पण यंदाच्या सुट्टीत मला एक काम करायचंय आणि ते इंग्रजीत होणार नाही. मला गावाला राज्यघटना समजावून सांगायची आहे. हसू नये. (कोण हसणार? माझीच डायरी आहे.)

आज पुस्तक घेऊन मोठ्या तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर गेलो. मुखरूभाऊ जाळं सांधत बसले होते. गावात मासे धरणाऱ्या ढिवरांची बावीस घरं आहेत, त्यांचे हे पुढारी. मला पोहायला यांनीच शिकवलं, याच पाण्यात.

"बापू, केवढं जाड पुस्तक हे! पोथी होय का?"

"पोथीच समजा. यात लिहिलंय की राज्य आपलं आहे. तुमचं, माझं, सगळ्यांचं."

"कोनं लिवलं?"

"आपणच. सुरुवातच तशी आहे, आम्ही भारताचे लोक."

"मी तं नाई लिवलं. काऊन रे केवळराम, तू लिवलं का?"

केवळराम त्यांचा मुलगा. डोंग्यातलं पाणी उपसत होता. "मी त्या दिवशी आरमोरीच्या बाजारात गेल्तो बा," म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो.

मग मुखरूभाऊ म्हणाले, "बरं, मंग हे कोन्या पान्यात सोडलं?"

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. मोठं वचन लिहिलं की ते पाण्याला द्यायचं असतं. घरात ठेवलं तर उंदीर खातात, नाही तर माणूस खोडतो. पाण्यात गेलं की कोण बदलणार?

मी म्हटलं, घटना अशी खोडता येत नाही. बदल करायचा तर त्याची रीत ठरलेली आहे, वेगळं कलम आहे.

"म्हंजे खोडता येते."

याचं उत्तर लांबलचक होतं म्हणून दिलं नाही.

१९ जून

तलाठ्यानं नोटीस लावली. मोठ्या तलावाची मासेमारी लिलावात जाणार!

मागचं लिहून ठेवतो. तलाव आमच्या आजोबांच्या मालगुजारीतला, म्हणजे जमीनदारीतला. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचा झाला. पण चार वर्षं कोणी इकडे फिरकलं नाही. ढिवर पहिल्यासारखे जाळं टाकत राहिले, शिंगाडा लावत राहिले. दसऱ्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी वर्षाचं पहिलं जाळं पडतं, त्यातली पहिली मरळ आमच्या घरी येते, आणि बाबा पारीवर जाऊन मुखरूभाऊंच्या हातात विडा देतात. तो विडा म्हणजे पुढच्या वर्षाची परवानगी. मालगुजारी गेल्यावरही बाबांनी ही रीत सोडली नाही.

नायब तहसीलदारांनी मुखरूभाऊंना एक वाट सांगितली आहे. ढिवरांनी सोसायटी करावी, अकरा जणांनी अर्जावर अंगठे द्यावे, मग लिलाव न करता तलाव त्यांनाच लीजवर मिळेल. मुदत १५ जुलै.

मी मुखरूभाऊंना म्हटलं, थांबा. अंगठा देऊ नका. मला पुस्तकं पाहू द्या.

२३ जून

सभा झाली! माझी पहिली सभा. पारीवर, चिंचेखाली, बावीस घरांतली माणसं, बायकासुद्धा.

मी तासभर बोललो. आर्टिकल ३२ समजावलं. हक्कावर घाला आला तर गरिबातला गरीब माणूस थेट दिल्लीच्या सुप्रीम कोर्टात जाऊ शकतो, मधे कोणाला विचारायचं नाही. तेंदूपानांची केस सांगितली. आपल्याच मध्य प्रदेशातली. मालगुजारी गेली तरी मालगुजारांनी आधी केलेले पानांचे करार सरकारला मोडता आले नाहीत, कोर्टानं सरकारला थांबवलं. पानांचं होतं तर माशांचं का नाही?

गिरजावहिनी म्हणजे केवळरामची बायको. ती उठली. "लीज घेतली तं जाळं टाकता येते ना?"

"येतं. पण लीज घेणं म्हणजे तलावावर आपला हक्क नाही हे लिहून देणं."

"मले हक्क नाई समजत बापू. मले मरळ समजते."

केवढे हसले सगळे. मी म्हटलं, वहिनी, आज लीज मिळेल, पाच वर्षांनी दुसऱ्याला देतील. हक्क कोणी काढून घेत नाही. ती बसली, पण पुटपुटली, "पाच साल तं पाच साल."

शेवटी मुखरूभाऊ म्हणाले, "बापू शिकून आला. बापू नाई म्हनते, तं नाई."

मी विचारलं, तुमच्याकडे कागद आहे का? आजोबांनी काही लिहून दिलं होतं?

दिलं होतं! १९११ साली पार फुटली. ढिवरांनी रात्रंदिवस अंगाची भिंत करून ती धरली आणि खालची धानाची शेतं वाचवली. तेव्हा आजोबांनी जिल्ह्याला, चांद्याला नेऊन शिक्क्याचा कागद करून दिला की मासोळी तुमची. मुखरूभाऊंच्या बापानं तो कागद मडक्यात घातला, तोंड लाखेनं बंद केलं, आणि तलावाच्या मधोमध नेऊन सोडला.

"पाण्यात? अहो, कशाला?"

"तलावाचा कागद तलावाले देल्ला. आमी ठेवनारे कोन?"

मी डोकं धरून बसलो. मग सुचलं. "कागद एकच होता का? अशा कामात दोन करतात. एक देणाऱ्याकडे राहतो."

मुखरूभाऊंनी बराच वेळ आमच्या घराच्या कौलांकडे पाहिलं. पारीवरून ती दिसतात. "दोन होते का एक, मले याद नाई बापू. मी लहान होतो."

हिशेबानं ते तेव्हा सोळा वर्षांचे असतील. पण म्हातारपणी विसर पडतोच.

२६ जून

बाबांना विचारलं. आधी खूप चिडले.

"माझी बारा गावं गेली तेव्हा तुझं आर्टिकल कुठी होतं? मालगुजारायनं केस केली, तुझ्याच सुप्रीम कोर्टानं फेकून देल्ली. आता ढिवरायसाठी घटना अन् माझ्यासाठी काहीच नाई?"

मी म्हटलं, बाबा, तुमच्याकडे बारा गावं होती, यांच्याकडे एक तलाव आहे. त्यांनी ताट पुढे ओढलं. मग म्हणाले, आमच्या घरी असा कागद नाही. पण शिक्का झाला असेल तर रजिस्ट्रीत नक्कल असेल. "मी जाऊन पाहतो. तिथी माझी ओळख आहे. तू या उन्हात कुठी फिरतं, अभ्यास कर."

आई वाढत होती. तिच्या हातातून वरणाची पळी पडली. हल्ली ती फार थकते.

२ जुलै

बाबा दोन दिवस चांद्याला राहून आले. १९११ ची वही वाळवीनं खाल्ली आहे. काहीही मिळालं नाही. येताना भिजले, आता ताप आहे. ज्या कायद्यानं त्यांचं सगळं नेलं त्याच कायद्यासाठी माझे बाबा या वयात कचेरीच्या पायऱ्या चढले. मला भरून आलं.

पारीवर जाऊन सांगितलं. मुखरूभाऊ म्हणाले, "वाळवीनं खाल्ला काय? मालक स्वोता गेल्ते?"

"स्वतः."

"मंग झालं. मालकाचा शब्द आहे. आता इचारू नोको बापू."

९ जुलै

चांद्याला गुणवंतराव वकिलांकडे गेलो. साठीचे आहेत, पान खातात, सारखे घड्याळ पाहतात. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या.

एक, वही वाळवीनं खाल्ली असेल तर रजिस्ट्रीकडून तसा दाखला आणा. "इथून चार पावलांवर कचेरी आहे, आताच जा."

मी म्हटलं, वडील स्वतः पाहून आले आहेत.

"वडील आले असतील. दाखला आला नाही ना?"

मला हे आवडलं नाही. बाबांच्या शब्दावर दाखला मागायचा? मी गेलो नाही.

दोन, सोसायटी करून लीज घ्या आणि अर्जातच लिहा की आमचा जुना हक्क राखून ही लीज घेत आहोत. मग केस चालू द्या आरामात. "पोटाला मासे तर मिळतील."

हे मला अर्धवट वाटलं. एक पाय या होडीत, एक त्या. मी म्हटलं, आम्ही थेट दिल्लीला जाणार. त्यांनी पानाचा डबा बंद केला. मग म्हणाले, "तुमच्या वयात मीही असाच होतो. पण माझ्यामागे बावीस घरं नव्हती." अर्ज तयार करायला मात्र कबूल झाले. दिल्लीत त्यांचे ओळखीचे वकील आहेत.

१५ जुलै

मुदत संपली. एकानंही अंगठा दिला नाही. बावीस घरं! मला त्यांचा किती अभिमान वाटतो ते कसं लिहू?

११ ऑगस्ट

दोन दिवसांसाठी नागपूरहून आलोय. लिलाव झाला. बाबुलाल नावाच्या ठेकेदारानं तलाव घेतला. आमच्याकडे ओसरीवर चहा पीत बसला होता. मी बाबांना विचारलं तर म्हणाले, तेंदूच्या कामासाठी आला होता.

ढिवरांची जाळी खुंटीला लागली. मी सांगितलं, दिल्लीला अर्ज जातोच आहे, थोडे दिवस धीर धरा. गिरजावहिनी म्हणाली, "धीर तं धरू बापू. धीर शिजवाचा कसा तेवढं सांगा."

१ नोव्हेंबर

दसऱ्यानंतरचा मंगळवार. सुट्टीत आलोय. आज ढिवरांचं जाळं पडलं नाही. बाबुलालच्या माणसांचं पडलं.

आणि एक गंमत. पहिली मरळ बाबुलालनं आमच्या घरी पाठवली, पळसाच्या पानात बांधून! माणूस वाटतो तेवढा वाईट नाही, निदान रीत तरी पाळली. बाबांनी त्याला ओसरीवरच विडा दिला.

आईनं मरळ शिजवली नाही. पोटात दुखतं म्हणाली आणि न जेवता निजून राहिली. शेवटी मासा आमच्या मोलकरणीनं, सोनीबाईनं शिजवला.

संध्याकाळी पारीवर गेलो. मुखरूभाऊ आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून बसले होते. दर वर्षी या दिवशी नेसतात तसंच. "याद राहते अंगाले," म्हणाले. "अर्ज कुठी आहे बापू?"

"दिल्लीत. लवकरच नंबर लागेल."

"तिथी तलाव आहे का?"

"यमुना आहे."

"मंग ठीक आहे. पानी पाहनारे मानसं आहेत."

२६ जानेवारी १९५६

चार दिवस घरी आलोय. सकाळी गावच्या शाळेत झेंडावंदन. मास्तरांनी मला बोलायला सांगितलं. घटनेला सहा वर्षं झाली, छान बोललो.

दुपारच्या मोटारीनं चांद्याला गेलो, गुणवंतरावांचा निरोप होता. त्यांनी नव्या लॉ रिपोर्टचं एक पान उघडून माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतः खिडकीकडे जाऊन उभे राहिले.

ओरिसातल्या चिलका सरोवराची केस. तिथली जमीनदारी गेली. जमीनदाराच्या तोंडी परवान्यावर मासे धरणारे लोक होते, ते आर्टिकल ३२ खाली सुप्रीम कोर्टात गेले. अगदी आमच्यासारखे. कोर्ट म्हणालं, पाण्यात जाऊन मासे धरण्याचा हक्क म्हणजे स्थावर मालमत्तेतला हक्क. तो तोंडी देता येत नाही. त्याला लेखी, रजिस्टर केलेला कागद लागतो. तसा कागद नाही तर हक्क नाही, आणि हक्कच नाही तर त्यावर घाला कसला? अर्ज फेटाळला.

तारीख २७ ऑक्टोबर. त्यानंतर पाच दिवसांनी मी पारीवर बसून लवकर नंबर लागेल म्हणत होतो.

दिल्लीच्या वकिलांचं पत्रही आलं होतं. अर्ज मागे घ्या, यापुढे टिकणार नाही. रजिस्टर्ड कागद असता तर गोष्ट वेगळी होती.

निकाल मी तीनदा वाचला. सगळ्यात वाईट हे की मला तो पटला. कुठेही चूक सापडेना. न्यायाधीशांनी वाकडं काही केलेलं नाही.

"आता?" मी विचारलं.

"आता तुमची दुसऱ्या वर्षाची परीक्षा," गुणवंतराव म्हणाले. त्यांनी पहिल्यांदाच घड्याळ पाहिलं नाही.

२९ जानेवारी

तीन दिवस पारीवर गेलो नाही. आज गेलो.

मुखरूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "म्हंजे तिकडंही कोनी शब्दावरच होतं. तेही आमच्यावानीच गेले." मग म्हणाले, "तिथल्या ढिवरायले कोनी सांगतलं होतं, बापू? तुह्यासारखंच कोनी पोरगं असन." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

घरी येऊन मी खूप रडलो. कोणाला दिसलं नाही. आईला दिसलं असावं.

१८ एप्रिल

दोन दिवस कसे गेले सांगता येत नाही.

बाबुलालनं तलाव रिकामा केला. तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, फोडून पाणी वाहू दिलं, म्हणजे तळाचे मासे हातानं धरता येतात. चिखलात चिमुकल्या माशांचे ढीग पांढरे पडले आहेत. ढिवर पिल्लू कधीच धरत नाहीत. परवा दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, केवळराम उरलेल्या डबक्यात शिरला आणि त्यानं एकदा जाळं टाकलं. एकदाच. दोन झिंगेही आले नाहीत. बाबुलालच्या माणसांनी त्याला धरलं, मारलं, आणि चोरी म्हणून ठाण्यात दिलं.

केवळराम शांत स्वभावाचा, त्याला हे कसं सुचलं? मुखरूभाऊंना विचारलं. म्हणाले, "मीच धाडलं."

"कशासाठी? मार खायला?"

"एक डाव जाळं पडलं ना पान्यात? बस."

म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय असं वाटलं.

बाबांनी फार मदत केली. बाबुलालशी बोलले. तहसील कचेरीत लेखी मुचलका दिला तर तो तक्रार मागे घेईल. मजकूर बाबांनी सुचवला, मी लिहिला: या तलावावर आमचा व आमच्या वंशाचा कोणताही हक्क नव्हता व नाही, यापुढे त्यात आम्ही जाळे टाकणार नाही. भाषा जरा कडक वाटली, पण बाबा म्हणाले, याशिवाय तो ऐकणार नाही. ठाण्यात केवळरामचा एक डोळा सुजून मिटला होता. मला फक्त तो बाहेर हवा होता.

मुखरूभाऊंनी अंगठा पुढे केला. मग थांबले. "काय लिवलं बापू?"

"केवळराम सुटेल असं लिहिलंय."

त्यांनी अंगठा दाबला. त्यानंतर केवळरामनं. संध्याकाळी तो घरी आला. माझ्या कायद्यानं वर्षभरात केलेलं हे पहिलं काम.

३ मे

मुखरूभाऊंचं घर निघालं. माजरीच्या कोळशाच्या खाणीत भरती चालू आहे. याआधी सहा घरं गेली.

बैलगाडीत मडकी, एक खाट, कोंबड्या. गिरजावहिनी माझ्याशी बोलली नाही. मुखरूभाऊ पारीवर गेले, तळाच्या भेगांकडे पाहिलं, आणि परत आले. गाडीत चढताना म्हणाले, "आईले जप बापू. मालकालेही. बाप आहे तो."

बाबा ओसरीवर होते. मुखरूभाऊंनी लांबून हात जोडले. बाबांनी पेपर वर धरला.

१७ ऑक्टोबर १९५६

नीट लिहायचं आहे.

काल दसऱ्यानंतरचा मंगळवार. बाबुलालची मरळ आली, पळसाच्या पानात. बाबा नागपूरला गेले होते. आई चुलीशी बसून त्या माशाकडे पाहत होती. मग तिनं कनवटीची किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली.

"ह्यांच्या पेटीत माझी शाल आहे. काढून आन."

"उद्या काढू. थंडी कुठे आहे?"

"आज आन. तळाशी आहे. एकदम तळाशी पाह्य."

तळाशी शाल नव्हती. मेणकापडात गुंडाळलेला कागद होता. १९११. आजोबांची सही. मुखरूभाऊंच्या बापाचा अंगठा. मागे रजिस्ट्रीचा शिक्का, नंबर, वहीचं पान. त्याच्याखाली नवा कागद, बाबुलालचा आणि बाबांचा, तलावाच्या भागीदारीचा. तारीख ३० जून १९५५. म्हणजे बाबा चांद्याला "वही पाहायला" गेले होते ते दोन दिवस.

मी स्वयंपाकघरात आलो. "तुला माहीत होतं?"

आई म्हणाली, "मी ह्यांच्या घरची बाई आहे रे." एवढंच. मग त्या माशावर परात पालथी घातली.

आजोबांच्या कागदात शेवटी लिहिलं आहे: जोवर तुझ्या वंशाचे जाळे दर साली या पाण्यात पडेल तोवर मासोळी तुझी. सालभर जाळे न पडल्यास करार तुटला समजावा.

दर साली.

एक डाव जाळं पडलं ना पान्यात? बस.

आज बाबा परत आले. मी कागद त्यांच्यासमोर ठेवला. ते बराच वेळ जोडे काढत राहिले. "माझंही काहीतरी राहू दे म्हटलं," म्हणाले, "सगळंच नेलं होतं." मला त्यांचा राग आला पाहिजे होता. आला नाही.

चांद्याला चार पावलं होती. चारच पावलं.

२१ ऑक्टोबर

नागभीडहून छोट्या गाडीनं चांदा, तिथून माजरी. कागद छातीशी. वाटेत सगळा दावा मनात मांडला. केवळरामनं १६ एप्रिलला जाळं टाकलं, म्हणजे येत्या एप्रिलपर्यंत करार जिवंत आहे. चिलकाचा निकालसुद्धा आता आमच्याच बाजूनं बोलेल. रजिस्टर्ड कागद आहे! गाडीत मी एकटाच हसत होतो, समोरचा माणूस जागा बदलून बसला.

खोल्यांची रांग. गिरजावहिनी दारात भाकरी थापत होती. मला पाहून उठली नाही.

"मुखरूभाऊ कुठे आहेत?"

"आज नववा दिवस."

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो.

धूळ छातीत गेली म्हणाली. शेवटी पाणी मागत होते, दिलं तर थुंकायचे. "हे नाई म्हने, हे नाई." केवळराम खाणीत होता, पाळी सुटायची होती.

मी कागद काढला. मेणकापडाची गाठ मला सुटेना. तिनं भाकरीचे हात पुसून सोडवलं.

"सापडला वहिनी. दुसरा कागद. आमच्याच घरात होता."

तिनं कागदाकडे पाहिलं, जणू ओळखीचं माणूस आलंय. "पेटीत होता ना? तळाशी?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"बुढ्याले मालूम होतं. तुमच्या आज्यानं त्याच्यासमोरच ठेवला होता."

"मग सांगितलं काऊन नाई?" माझ्या तोंडून त्यांचीच भाषा निघाली.

"मी भांडली बापू. लई भांडली. म्हने, पोरगं बापाच्या पेटीत हात घालन, मंग त्याले घर राह्यनार नाई. आपल्याले तलाव गेला तं गेला, त्याचा बाप काऊन घ्याचा?" तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मालक स्वोता काढून देतील म्हने. आज ना उद्या. शब्दाचा मानूस आहे. म्हनून सालाचं जाळं चुकू देल्लं नाई."

भाकरी करपल्याचा वास आला. तिनं ती तशीच बाजूला काढली.

"वाचा ना," म्हणाली. "माह्या मानसानं मार खाल्ला त्याच्यासाठी. काय लिवलं आहे ते तं आयकू द्या."

मी वाचलं. चारी बाजूंच्या सीमा, पार, शिंगाडा, मासोळी, दर साली पडणारं जाळं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "मंग साल भरलं नाई अजून."

"नाही. एप्रिलपर्यंत आहे."

"केवळराम येऊ शकते. जाळं आहे खुंटीवर." पहिल्यांदाच ती माझ्याकडे नीट पाहत होती. "मंग तलाव आमचा?"

तेव्हा मला तो मुचलका आठवला. इथपर्यंत येईस्तोवर आठवला नव्हता. शप्पथ, नव्हता. नव्हता व नाही. व आमच्या वंशाचा. माझं वळणदार अक्षर.

मी तिला सांगितलं. सगळं, एकेक शब्द.

तिनं दुसरी भाकरी थापायला घेतली, पण हात पिठातच राहिले.

"तो कुठी आहे, तुमी लिवला तो?"

"तहसील कचेरीत."

"पान्यात नाई सोडला?"

"नाही."

"मंग खोडता येते ना, बापू?"

पाळी सुटल्याचा भोंगा झाला. माणसं काळी होऊन रांगेनं येऊ लागली. सगळी सारखीच दिसत होती. यातला केवळराम कोणता ते मी शोधत राहिलो, म्हणजे तिच्याकडे पाहायला नको.